गाडीखालून वाजलेला पाना

आमच्या घरात बाहेरचं, करणी, अंगात येणं यातलं कुणी काहीच मानलं नाही. अप्पा गळ्यात लिंग घालायचे, सकाळी पूजा करून कपाळाला विभूती लावायचे, देवाधर्माचं तेवढंच. कुणी नव्या गाडीला लिंबू बांधून आणलं की म्हणायचे, "लिंबू सरबताला ठिव, आधी ऑइल बदल." मी तर इंग्लिश मीडियमची. लातूरला हॉस्टेलमध्ये मुलींनी भुताच्या गोष्टी सुरू केल्या की मी कानात इयरफोन घालून झोपून जायचे. या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना दुसरं कारण शोधत असते. वारा असेल, उंदीर असेल, मनाचे खेळ असतील... माझ्याबरोबर जे झालं, त्यालाही मी अशीच कारणं शोधली. काही सापडली. एका गोष्टीचं अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

लातूर-नांदेड रोडवर, चाकूरच्या थोडं अलीकडे आमचं गॅरेज आहे. एकच मोठा गाळा, समोर चहाचं हॉटेल, बाजूला पंक्चरचं दुकान. आमच्या भागात ऑटोमॅटिक गाड्या यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या गिअरबॉक्सला हात लावायला कुणी तयार नव्हतं. अप्पांनी कुठून तरी मॅन्युअल मिळवलं. ते इंग्रजीत होतं. मी शाळेत होते. संध्याकाळी मी एकेक पान वाचून मराठीत सांगायचे आणि अप्पा चहा गार होईपर्यंत ऐकत बसायचे. तेव्हापासून ते मला 'मॅडम' म्हणायला लागले.

मला मोठ्यानं बोलता येत नाही. आजही येत नाही. अप्पा गाडी लोखंडी घोड्यांवर चढवायचे, म्हणजे चाकं अधांतरी, आणि स्वतः बाजूनं खाली सरकून गिअरबॉक्सला कान लावायचे. मी ड्रायव्हर सीटवर. इंजिन चालू असलं की त्यांचं ओरडणं मला कळायचं नाही, आणि माझं बोलणं तर त्यांना इंजिन बंद असतानाही ऐकू यायचं नाही. म्हणून आमची एक खूण ठरली होती. खालून पाना चेसिसवर एकदा वाजला की लिव्हर पुढच्या गिअरला न्यायचा. दोनदा वाजला की ब्रेक सोडायचा. तीनदा वाजला की इंजिन बंद.

तो पाना चौदा-पंधरा नंबरचा होता. एका टोकाला तडा गेला म्हणून अप्पांनी तिथे वेल्डिंग मारलं होतं. त्यामुळे तो इतर पान्यांसारखा खणखणीत वाजायचा नाही. टण् झालं की लगेच आवाज दबायचा, वाजत्या भांड्यावर कुणीतरी हात ठेवावा तसा. मी डोळे मिटूनही तो ओळखला असता.

आता शेठबद्दल. मुखेडकडचा माणूस. पाण्याचे टँकर, मुरूम, रस्त्याची कामं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, माझ्या लिखाणात त्याचं नाव नको म्हणून. त्याच्या डाव्या पायात रॉड आहे, क्लच दाबणं जमत नाही, म्हणून त्यानं हैदराबादहून एक सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप आणली होती. डबल केबिनची, काळी. तो तिला ट्रकच म्हणायचा. मागे जनरेटरची ट्रॉली ओढून ओढून तिचा गिअरबॉक्स तापायला लागला, तेव्हा ती आमच्याकडे आली.

अप्पांनी तिला बाहेरून वेगळा कूलर बसवला. पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढे, ताटाएवढा. गिअरबॉक्समधलं गरम ऑइल पाईपनं तिथे येतं, वाऱ्यानं गार होतं आणि परत जातं. म्हणजे सगळं काम वाऱ्याचं. गाडी ताब्यात देताना अप्पांनी शेठला पुढे नेऊन जाळी दाखवली. मी तेव्हा सीटवरच बसलेली होते, काच खाली होती.

"शेठ, एक ध्यानात ठिवा. या जाळीफुडं काय बांधू नका. हार न्हाई, पाटी न्हाई, काय न्हाई. वारा अडला की गिअरबॉक्स गेला म्हणून समजा."

"अरे मिस्त्री, माझं नाव वाचूनच गाडी गार पडती!" शेठ म्हणाला. चहाच्या हॉटेलातले सगळे हसले. शेठचा ड्रायव्हर शादुलमामू तेवढा हसला नाही. त्यानं जाळीकडे बघून मान हलवली.

मे महिन्यात शेठचा वाढदिवस आला. मुखेडला मिरवणूक निघाली. त्या गाडीच्या मागे डीजे आणि जनरेटरची ट्रॉली, आणि गाडीच्या तोंडावर बंपरपासून बोनेटपर्यंत ताणून बांधलेला फ्लेक्स. फ्लेक्सवर शेठ, गॉगल लावलेला, हात जोडलेला. मी हे सगळं त्याच्याच माणसांच्या स्टेटसवर पाहिलं. भर उन्हात, माणसाच्या चालीनं, अख्खी दुपार ती गाडी ट्रॉली ओढत होती, आणि कूलरच्या तोंडावर शेठचा चेहरा होता.

भर चौकात गाडी थांबली. जळका वास सुटला, डीजे वाजतोय पण गाडी हलेना. पोरांनी मागून ढकलत नेली. शेठच्या विरोधी पार्टीच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी आमच्या दारात आणली. फ्लेक्स काढून टाकलेला होता. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडत होता. भेसळीचं ऑइल टाकलं, जुनाच कूलर नवा म्हणून बसवला, फसवलं. अप्पा गाडीच्या पुढे खाली बसले. बंपरला सुतळीची गाठ तशीच राहिली होती आणि गाठीत फ्लेक्सचा निळा तुकडा अडकलेला होता. अप्पांनी तो बोटात धरला आणि विचारलं, "शेठ, ही सुतळी कशाची हो?"

शेठनं त्यांच्या कानाखाली मारली.

बस. उत्तर तेच होतं. अप्पांचा चष्मा ऑइलच्या ट्रेमध्ये पडला. हॉटेलातले, पंक्चरवाले, रस्त्यानं जाणारे, सगळे उभे होते. कुणी पुढे आलं नाही. दोघातिघांनी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो चाकूर, अहमदपूर, मुखेड सगळीकडे फिरला. खाली लिहिलेलं — 'गिऱ्हाइकांना लुटणाऱ्या मिस्त्रीला शेठचा प्रसाद'. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला. मी तेव्हा नांदेडला नोकरीला लागले होते; दारात काय झालं ते मला आईकडून आणि त्या व्हिडिओतूनच कळलं. तो मिस्त्री माझे वडील आहेत, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

माझ्याकडे फ्लेक्सचा फोटो होता. तो सगळ्या ग्रुपवर टाकते म्हटलं, तर आई हात जोडायला लागली. "नको गं माय, आपल्याला इथंच ऱ्हायचंय." अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मॅडम. त्याला ठाव हाय. एक दिस त्याच्याच तोंडून निघंल ते."

त्यानंतर अप्पांनी शटर उघडलं नाही. पोळ्याला, दसऱ्याला लोक भेटायला आले तरी आत बसून राहायचे. थंडीत एका सकाळी खुर्चीतच गेले. आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. आईनं तो चौदा-पंधराचा पाना त्यांच्या मांडीजवळ ठेवला. जंगमस्वामींनी पाहिलं, पण अडवलं नाही. माती लोटताना मागे कुणीतरी हळूच विचारलं, "तोच ना, व्हिडिओतला?"

ते वाक्य मी विसरले नाही. मला शेठचे पैसे नको होते, पोलीस केस नको होती. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की सुतळी कशाची. त्याच दारात, त्याच माणसांसमोर.

काही महिन्यांनी, एका रविवारी मी घरी असताना शादुलमामू आला. बराच वेळ आईशी पावसापाण्याचं बोलत बसला. मग मला म्हणाला, "बेटी, एक बात विचारू? तुमच्या गॅरेजात कोन काम करून राहिलं का सध्या?"

"बंद आहे," मी म्हटलं.

"तेच तर." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेठनं हैदराबादहून गिअरबॉक्स नवा करून आनला. कूलर नवा, पाईप नवे. मी एकटा असलो की गाडी मख्खनसारखी चालती. पन शेठ गाडीत बसला, अन् गाडी तुमच्या शटरसमोर आली की गिअर आपोआप न्यूट्रल. इंजिन ओरडतंय, गाडी जागच्या जागी. हर बार. लातूरला तीन ठिकानी दावली. कायबी फॉल्ट न्हाई म्हंतेत."

"अजून काही होतं का?"

"खालून आवाज येतो." त्यानं आईकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "कुनीतरी लोखंडावर लोखंड मारल्यावानी. पन दबका."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला काय वाटलं ते खरं सांगते. भीती नाही वाटली. मला आनंद झाला. इतका की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चहाचे कप उचलायला लागले. शेठ बसलेला असताना कसा दिसतो, घाबरतो का, घाम येतो का, हे सगळं मी मामूला खोदून खोदून विचारलं. खुणेबद्दल मात्र काही बोलले नाही.

"शेठला घेऊन या," मी म्हटलं. "इथेच बघू. बाजाराच्या दिवशी या. आणि शेठ स्वतः नसेल तर शटर उघडणार नाही."

शेठ आला. त्याला यावंच लागलं, कारण लातूरची सगळी कामं आमच्या दारावरून जाऊनच व्हायची, आणि रस्त्यात गाडी बंद पडलेला शेठ बघून लोक पुन्हा हसायला लागले होते. बाजाराचा दिवस, भर दुपार. रस्त्यावर भाजीची, बकऱ्यांची ये-जा. मी शटर वर केलं, तेव्हा हॉटेलातली माणसं आपापले कप घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. तीच माणसं.

"काय गं पोरी, आता तू मिस्त्री का?" शेठ म्हणाला. मी मामूला गाडी आत घ्यायची खूण केली. "इंग्रजीत शिकली म्हणं. तिथं तोंड उघडायला शिकवत न्हाईत का?"

पंक्चरवाला हसला. मी तेही लक्षात ठेवलं.

मामूनं गाडी आत घेतली. तोंड आतल्या भिंतीकडे, भिंतीला लागून अप्पांचं कामाचं लोखंडी टेबल. मी मॅन्युअलमध्ये असतं तसं एकेक बघत गेले आणि मामूला सांगत गेले. कूलरकडून परत जाणारा पाईप काढून बादलीत सोडला, ऑइल धारेनं आलं, म्हणजे आत कुठे चोंदलेलं नाही. जाणारा आणि येणारा पाईप उलटसुलट जोडलेले नाहीत. कुठे मुडपलेले नाहीत. पाईप परत जोडले, सांडलं तेवढं ऑइल भरलं, गाडी गरम झाल्यावर ऑइल मोजायची डिपची पट्टी काढून पाहिली. लेव्हल बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. सगळं अप्पांनी केलं असतं तसंच बसवलेलं होतं. मामूनं बोनेट लावलं आणि हात धुवायला बाहेर नळावर गेला. मी सीटवर बसले. इंजिन चालू, लिव्हर पार्किंगला, पाय ब्रेकवर. हॅण्डब्रेक खाली होता.

"शेठ," खिडकीशी उभ्या असलेल्या त्याला मी म्हटलं, "समोरून जाळीतून बघा. कूलरच्या जोडाला ऑइलचा थेंब येतोय का."

मी त्याच्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मी त्याला मुद्दाम तिथे उभं केलं का, असं मला नंतर आईनंही विचारलं. थेंब बघायचा होता हे खरं आहे. त्यापुढचं मी आईला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

तो रॉडचा पाय ओढत पुढे गेला. एका बाजूला गाडी, पाठीमागे अप्पांचं टेबल. वाकून त्यानं जाळीत पाहिलं आणि मान वर केली. जिथे फ्लेक्सवर त्याचा चेहरा होता, बरोबर तिथेच आता त्याचा खरा चेहरा होता.

आणि खालून पाना वाजला.

एकदा. टण्... आणि लगेच दबलेला.

माझ्या हाताला विचार करावा लागला नाही. लिव्हर रिव्हर्सला गेला.

"खाली कोन हाय रे?" शेठनं विचारलं. दाराशी उभ्या असलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हॉटेलवाला खाली वाकला, गाडीखाली पाहिलं आणि उभा राहिला. त्याचा कप हातात तिरका झाला होता, चहा सांडत होता. "शेठ, खाली कुनीच न्हाई," तो म्हणाला.

पुन्हा एकदा वाजला. न्यूट्रल. अप्पा दोन गिअरमध्ये एक श्वास घेण्याएवढे थांबायचे, ऑइल सगळीकडे पोचावं म्हणून. तेवढंच थांबून पुन्हा एकदा. ड्राइव्ह. गाडी गिअरमध्ये पडताना बसतो तसा बारीक धक्का सीटला बसला. आता ब्रेकवरचा माझा पाय तेवढा मध्ये होता.

शेठ निघायला बघत होता, पण जागा कमी होती आणि पाय लवकर वळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांच्या डोळ्यात मी कधी बघत नाही. त्या दिवशी बघितलं.

पाना दोनदा वाजला.

मी थांबले. अप्पांना माझी सवय माहीत होती. मी कधी कधी दोन ऐकून गोंधळायचे, मग ते पुन्हा वाजवायचे. तसाच पाना पुन्हा दोनदा वाजला. सावकाश, स्पष्ट.

मी ब्रेकवरचा पाय उचलला.

मागचे लाल दिवे विझले. दारातली माणसं एकदम ओरडली, "शेठ सरका! ब्रेक सोडला पोरीनं!" शेठनं दोन्ही हात बोनेटवर टेकले, जणू गाडी हातानं थोपवता येते. ज्यांनी ऑटोमॅटिक चालवली आहे त्यांना माहीत असेल, ड्राइव्हमध्ये पाय काढला की गाडी स्वतःहून पुढे सरकते. सपाट फरशीवर तर सरकतेच. इंजिनचा आवाज खाली बसला, गाडीचं तोंड किंचित उचललं, ताकद चाकांपर्यंत गेल्यावर होतं तसं... आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली.

"फ्लेक्स होता!" शेठ ओरडला. "सुतळी फ्लेक्सची होती! मीच बांधायला लावला... मिस्त्री न्हाई म्हनला होता, फुडं काय बांधू नका म्हनला होता. त्याची चूक नव्हती... ए पोरी! बंद कर! त्यानं काय केलं न्हाई, मीच खोटं बोललो!"

दारातले लोक मोबाईल वर धरून उभे होते. या वेळी मला बरं वाटलं.

पाना तीनदा वाजला. मी चावी फिरवली.

शेठ टेबलाला धरून बाहेर आला. त्याची पँट ओली झाली होती. हे लिहायला नको असं आई म्हणाली. मी लिहितेय. गाडी तिथेच टाकून तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर गेला. संध्याकाळी मामू गाडी न्यायला आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तिथेच ड्राइव्हला टाकून पाय काढून बघा. त्यानं पाय काढला मात्र, गाडी टेबलाकडे सरकायला लागली. घाईघाईनं ब्रेक मारला. मागे घेऊन पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. हॅण्डब्रेक ओढलेला होता का, असं काही जण विचारतात. नव्हता. पाईप नुकतेच जोडल्यामुळे कूलरमध्ये हवा राहिली असेल आणि प्रेशर बसलं नसेल, हे कारण मी स्वतःला दिलं. पण मग गाडीचं तोंड उचललं कसं? ताकद चाकांपर्यंत गेली होती, मी सीटवर होते, मला कळतं.

गाडीला पुन्हा काही झालं नाही, मामू सांगतो. शेठ आता लातूरला उदगीरवरून फिरून जातो. तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त फिरला. पंक्चरवाला एकदा माफी मागायला आला होता, आईनं त्याला चहा दिला. मी बाहेर आले नाही. गाळा आम्ही भाड्यानं दिला आहे, पण पाटीवरचं अप्पांचं नाव काढायचं नाही, असं आधीच ठरवून घेतलंय.

पाना कुणी वाजवला, याचा मी आता फार विचार करत नाही. वाचणाऱ्यांनी वारा, उंदीर, मनाचे खेळ, हवं ते समजावं. मला छळते ती वेगळी गोष्ट. माझा पाय ब्रेकवरून घसरला नव्हता. पुढे कोण उभं आहे ते मला दिसत होतं आणि मी पाय उचलला होता. सांगणाऱ्यानं दोनदा सांगितलं होतं, आणि मी आयुष्यभर त्याचं ऐकत आले होते. मग गाडी कुणी धरून ठेवली?

समाधीवर गेले की मी अजूनही हळू आवाजात तेच विचारते. बाकी सगळ्यांचा राग गेला, हा एक जात नाही. अप्पा, मी ब्रेक सोडला होता. तुम्ही का धरलीत?